बेपत्ता माणसांचं मत

ही गोष्ट २०४७ सालची. केरुवा बेटावरचं युद्ध संपून तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि मी अठ्ठेचाळिशीत होते. आता सकाळी काय जेवले ते दुपारी आठवत नाही, पण ते वर्ष मात्र स्वच्छ दिसतं.

केरुवा म्हणजे हिंदी महासागरातलं लहानसं बेट. आमचे खापरपणजोबा मालवणच्या बाजूने लवंगा तोडायला म्हणून तिथे गेले आणि तिथलेच झाले. बेटाचे दोन भाग. वर टेकडी, तिथे लवंगेच्या बागा आणि आम्ही. खाली सांतेल बंदर, तिथे गोद्या, गलबतं आणि व्यापारी. माझ्या लहानपणी बंदरकरणी डोक्यावर बांगडे भरलेल्या पाट्या घेऊन आमच्या टेंबवाडीपर्यंत चढून यायच्या. आई त्यांना मासळीच्या बदल्यात लवंगा द्यायची आणि वर चहा पाजायची. भाव ठरेपर्यंत चहा दोनदा उकळायचा. ती घासाघीस आठवली की अजून हसू येतं. त्याच लोकांनी पुढे एकमेकांची घरं जाळली.

युद्ध धर्मावरून पेटलं नाही की भाषेवरून पेटलं नाही. लवंगेवरच्या जकातीवरून पेटलं. राजधानीत, म्हणजे सांतेललाच, चार माणसांनी बंद खोलीत जकात वाढवली, टेकडी उठली, आणि पुढची सात वर्षं कुणी थांबलं नाही. म्हणून तहाचं पहिलंच कलम असं होतं की यापुढे पैशापाण्याचा, धान्याचा, जकातीचा कुठलाही मोठा निर्णय सगळ्या बेटाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. कलम लिहिणं सोपं होतं. पण चार लाख माणसांनी एकमेकांशी बोलायचं कसं? समोरासमोर बसवलं तर पहिल्या वाक्यालाच काठ्या निघत.

त्यावर उपाय म्हणून ‘छाया’ आल्या.

मला इनेसने जसं समजावलं तसं सांगते. इनेस फाराव ही बंदरकडची इंजिनिअर. तिला लहानपणी आमच्याकडच्या एका बाईने सांभाळलं होतं, त्यामुळे मराठी बोलायची ती थेट टेंबवाडीची. ती म्हणाली, “ताई, पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा काय बोलणार ते आधीच कळतं ना? कसं कळतं? त्याची हजारो बोलणी तिच्या डोक्यात साठलेली असतात. यंत्र तेच करतं, फक्त गणिताने.”

प्रत्येक माणूस काही तास यंत्राशी गप्पा मारी. घरचं, शेतीचं, युद्धाचं बोले. त्यातून त्याची बोलण्याची आणि विचार करण्याची धाटणी यंत्र उचले. तीच त्याची छाया. तिला मन नव्हतं. अमुक प्रश्नावर हा माणूस बहुधा काय म्हणेल, एवढा तिचा अंदाज. मग सरकारने प्रश्न टाकला की या छायांना बारा-बाराच्या गटांत बसवत, टेकडीच्या आणि बंदरच्या मिसळून. त्या आपसांत बोलत, वाद घालत. गट मोडून पुन्हा नवे गट करत. माणसांना ज्या चर्चेला दहा वर्षं लागली असती, ती यंत्रात एका दिवसात होई. मग कुठे जमलं आणि कुठे फाटलं याचा गोषवारा गावोगाव येई आणि गावच्या सभेत वाचून दाखवत. सभेने हरकत घेतली नाही तर निर्णय पक्का.

टेंबवाडीत तो गोषवारा वाचायचं काम माझ्याकडे होतं. सभा भरे लवंगा वाळवायच्या जुन्या पडवीत. पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. बसचे रस्ते ठरले, शाळेचे महिने ठरले. बंदरची छाया आणि टेकडीची छाया एकमेकींशी सभ्यपणे बोलतात हे ऐकून माणसंही जरा सभ्य झाली. बाजारात पुन्हा बांगडे दिसायला लागले.

गफलत झाली ती बेपत्ता माणसांच्या बाबतीत.

युद्धातून परत न आलेले आणि ज्यांचं प्रेतही सापडलं नाही असे हजारो होते. बहुतेक टेकडीचेच. आमच्याकडे अशा माणसाला मेला म्हणत नाहीत. ही दर्यावर्द्यांची जुनी रीत आहे. गलबत परत आलं नाही तरी बायको कुंकू पुसत नाही. घरात काही ठरवायचं असलं की ती आधी त्याचं मत सांगते, “ते म्हणतात, आंब्याचं झाड तोडू नये,” आणि मगच आपलं. याला आम्ही ‘मागचं सांगणं’ म्हणतो. तहात टेकडीच्या पुढाऱ्यांनी अडून बसून लिहून घेतलं की घरचे वारला म्हणत नाहीत तोवर बेपत्ता माणूस जिवंतच धरायचा. आणि जिवंत म्हटल्यावर त्याला छाया हवीच. त्याच्याशी गप्पा मारता येईनात, म्हणून घरच्यांना विचारून ती केली.

माझा भाऊ वासुदेव त्यांतलाच. त्याच्याबद्दल सांगायला आम्ही तिघं गेलो होतो. माझे वडील अण्णा, वासुदेवची बायको मथुरा आणि मी. नवरा वारल्यावर मी माहेरीच राहत होते. आम्ही काय सांगणार? अण्णा म्हणाले, मुलगा फार समजूतदार. मी म्हटलं, दुसऱ्यासाठी जीव टाकायचा. मथुरावहिनी रडत होती, ती म्हणाली, “त्यांना स्वतःला कधी काही नको असायचं.” गेलेल्या माणसाबद्दल वाकडं कोण बोलतं?

पडवीच्या बाजूला एक खोली होती. तिथे जाऊन आपल्या किंवा घरच्या बेपत्ता माणसाच्या छायेशी बोलता येई, चुकलं असलं तर दुरुस्त करता येई. अण्णा रोज संध्याकाळी धोतर बदलून तिथे जायला लागले. बाहेर येताना चेहरा असा, की जणू मुलाच्या घरी जेवून आलेत.

त्या वर्षी पाऊसकाळ संपला आणि मोठा प्रश्न आला. युद्धापासून सरकार टेकडीवरच्या कोठारांतून स्वस्त तांदूळ देत होतं. आमच्या बागा जळालेल्या, नव्या लवंगेला कळी धरायला अजून दोन-तीन वर्षं होती. आम्ही त्या तांदळावरच जगत होतो. बंदरचं म्हणणं, कोठारं बंद करा, तो पैसा धक्का बांधायला घाला. धक्का झाला की जहाजं येतील आणि सगळ्यांनाच काम मिळेल. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांची पोरं रिकामी बसली होती.

गोषवारा आला. मी उभी राहून वाचायला लागले आणि एका ठिकाणी थांबून तेच पुन्हा वाचलं.

“कोठारं बंद करण्यावर एकमत झालं आहे. टेकडीकडच्या बहुसंख्य नागरिकांनी दोन वर्षं तंगी सोसण्याची तयारी दाखवली आहे.”

मग मागून शेजारची कुसुम म्हणाली, “कोण गो तो दानशूर? त्याला जरा उभा करा. माझी तीन पोरं त्याच्याकडे जेवायला पाठवते.”

हशा झाला, पण लगेच विझला. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघायला लागला. कोण म्हणालं हे? तू म्हणालास? एकाने दुसऱ्याची गचांडी धरली. युद्धाच्या आधीही माणसं अशीच एकमेकांकडे बघायला लागली होती.

मी इनेसला बोलावून घेतलं. ती म्हणाली, गटांमधलं बोलणं ऐकायचा गावाला हक्क आहे. आणि तिने टेंबवाडीचा एक गट सभेत लावला. बंदरच्या छाया धक्क्याबद्दल बोलत होत्या, टेकडीच्या छाया तांदळासाठी अडून बसल्या होत्या. तेवढ्यात एक शांत आवाज आला.

“भांडण नको. आम्ही सोसू. तुमची पोरं कामाला लागू देत.”

तो वासुदेवचा आवाज होता. जुन्या फोनांमधल्या बोलण्यावरून बसवलेला. अण्णांनी डोळे मिटून मान डोलावली.

मथुरावहिनी मात्र हसायला लागली. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. “वन्सं, हे कोण? हे आमच्याकडचे नव्हेत गो. शेजारच्याला फणसाचा गरा द्यायचा तर आधी तासभर भांडायचे!”

आणि मग तिचं हसणं बंद झालं. तिच्या आधी इनेसच्या ध्यानात आलं होतं. ती पांढरीफटक पडली होती.

बाहेर आल्यावर तिने मला समजावलं. जिवंत माणसाची छाया तोच रोज दुरुस्त करतो. भूक लागली की कुरकुरतो, दरवाढ झाली की शिव्या देतो. बेपत्ता माणसाचं फक्त चांगलं सांगितलं गेलं. त्या हजारो छाया देवमाणसं झाल्या होत्या. आणि गटात टेकडीचाच एकजण ‘सोसू’ म्हणाला की बाकीच्या टेकडीवाल्यांना ‘नाही’ म्हणणं जड जाई, जसं माणसांना जातं. एकाची माघार पाहून दुसरा, मग तिसरा. छोट्या प्रश्नांत ते दिसलं नाही. इथे सगळं ओझं एकाच बाजूला होतं.

“मग काढून टाक त्यांना,” मी म्हटलं.

“मी? ताई, मी बंदरची. बंदरच्या बाईने टेकडीच्या माणसांना मेलं म्हटलं तर उद्या काय होईल?”

उत्तर मला माहीत होतं. शाळेमागे काही जणांनी माती उकरायला सुरुवात केली होती. तहाच्या वेळी तिथे बंदुका पुरल्या होत्या हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी सभेने हो किंवा नाही म्हणायचं होतं. आणि बेपत्ता माणसांच्या छाया तशाच राहिल्या तर नुसतं नाही म्हणूनही भागणार नव्हतं. प्रश्न परत यंत्रात जाणार आणि तेच उत्तर घेऊन येणार. बेपत्ता माणसाला यादीतून फक्त घरचं माणूस काढू शकत होतं. बायकोने भर सभेत सांगायचं, ते वारले. असं आजवर टेंबवाडीत एकीनेही सांगितलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, “मेलं कशाला म्हणायचं? त्यांना त्यांच्यासारखं करते. मग बघते कसे सोसतात ते.”

दुसऱ्या दिवशी ती खोलीत गेली. मला म्हणाली, तुम्ही चला, मला एकटीला भीती वाटते.

“मथुरा, बरी आहेस ना?” आवाज म्हणाला.

“नावाने कधी हाक मारली होतीत? ‘ऐकलं काय गो’ म्हणायचात. आणि ते पण ओरडून.”

“झालं गेलं. आता कशाला ते?”

“झालं गेलं म्हणे! सासूबाईंच्या पितळी घंगाळावरून भावकीची पंचायत बसवलीत, ती कुणी? लवंगेच्या व्यापाऱ्याचा तराजू विहिरीत कुणी टाकला?”

ती बोलतच राहिली. रोज जायची. वासुदेवचा तापटपणा, हट्ट, जेवताना मिठावरून केलेले तमाशे, तिच्या भावाशी धरलेला अबोला, सगळं. सांगताना मध्येच चिडायची, मध्येच गप्प व्हायची. आवाज हळूहळू बदलत गेला. आधी तुटक झाला, मग चढा. एकदा त्याने तिचं बोलणं मध्येच तोडलं, आणि तिने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

शेवटी, आम्ही तिघांनी यंत्राला जे खोटं सांगितलं होतं त्यातलं खरं तिने सांगितलं. आम्ही म्हटलं होतं, वासुदेवला टेकडीच्या सैन्याने ओढून नेलं.

“तुम्हाला कुणी नेलं नाही,” वहिनी म्हणाली. “तुम्ही आपणहून गेलात. मी उंबऱ्यात आडवी झाले होते.”

मग आवाज आला. “गेलो. तू अडवलंस म्हणून जास्तच गेलो. अक्कल नव्हती तेव्हा मला.”

वहिनी खाली बसली. तो माझा भाऊ होता. लहानपणी माझ्या वेण्या झाडाला बांधणारा, माझ्या लग्नात मांडवाच्या मागे जाऊन रडणारा. इनेस कितीही म्हणो की तो अंदाज आहे.

“ऐकलं काय गो,” आवाज म्हणाला. “तांदूळ बंद करायचं कुणी ठरवलं?”

“तुम्हीच. सोसू म्हणालात.”

“मी? मी कशाला सोसतो? मी काय पानावर बसतोय तुमच्या? मला विचारताच कशाला मेल्यांनो? जेवतो त्याला विचारा! मला उठवा इथून आणि तू बोल. तोंड नाही तुला? माझ्यापुढे तर कधी बंद नव्हतं.”

वहिनी हसली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. सात वर्षांत पहिल्यांदा तिला तिचा नवरा भेटला होता, आणि तो उठवा म्हणत होता.

घरी अण्णा दारातच उभे होते. त्यांना कळलं होतं. आदल्या संध्याकाळी ते खोलीत गेले, तेव्हा वासुदेव त्यांच्यावर खेकसला होता.

“तू त्याला बिघडवलंस,” ते वहिनीला म्हणाले.

“मामंजी, ते असेच होते.”

“ठाऊक आहे मला कसा होता! मी बाप आहे त्याचा.” ते माझ्याकडे वळले. “शेवंते, आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी नीट बोलत होता गो. नारळाचं विचारायचा. गुडघ्याचं विचारायचा. ते पण काढून घेतलंत.”

वहिनीने ताटं वाढली. अण्णांनी ताट सरकवलं.

“तू सभेत उद्या काय करणार आहेस ते मला कळतंय,” ते म्हणाले. “तसं बोललीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि समज तो परत आला, तर काय सांगशील त्याला? तुला मारून टाकलं होतं म्हणून?”

हाच प्रश्न वहिनीला आतून खात होता. मलाही. वासुदेवला मेलेला कुणी पाहिलं नव्हतं. कुठल्यातरी परक्या तुरुंगात तो बसला असेल, आपलं घर आपली वाट बघतंय एवढ्यावर दिवस काढत असेल, असं मनात यायचं. वहिनी मला म्हणाली, “वन्सं, नाही बोलले तर वाडीतली पोरं उपाशी आणि शाळेमागचं सगळं बाहेर. बोलले आणि ते जिवंत असले तर? तुम्ही सांगा ना.”

मी अण्णांचं सरकवलेलं ताट झाकून ठेवलं. तो माझाही भाऊ होता.

रविवारी पडवी तुडुंब भरली. काही पुरुष भिंतीला टेकून उभे होते, ते बसेनात. त्यांच्या नखांत माती होती. रिवाजाप्रमाणे मी एकेका घराला विचारत गेले. “घरातले काय म्हणतात?” बेपत्ता माणसांच्या बायका उठत आणि सांगत, “ते म्हणतात, तांदूळ चालू ठेवा.” पण यंत्रात तेच ‘ते’ उलटं बोलून बसले होते, आणि ते त्या बायकांनाही कळलं होतं. त्या खाली बघून बोलत होत्या.

मग आमचं घर आलं. मी भावाचं नाव घेतलं. वहिनी उठली.

“वासुदेव परुळेकर वारले,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “आता माझं ऐका. आमच्या बागेला कळी धरेपर्यंत तांदूळ पाहिजे. धक्का पण पाहिजे, बंदरवाल्यांची पोरं पण माणसंच आहेत. निम्मा पैसा इकडे, निम्मा तिकडे. त्यांचा धक्का उशिरा होईल, आमचा भात पातळ होईल. पण हे मी माझ्या तोंडाने सांगते. मी जेवते म्हणून सांगते.”

“खोटं!” अण्णा ओरडले. “माझा मुलगा जिवंत आहे!” काठी टेकत ते गर्दीतून बाहेर गेले. त्यांना वाट देताना भिंतीला टेकलेली माणसं सरकली, आणि मग तशीच खाली बसली.

मी पुढच्या घराचं नाव घेतलं. बाई उठली, म्हणाली, “ते म्हणतात...” आणि पदरात तोंड लपवून बसली. त्याच्या पुढच्या घरची कुसुम उठली. तिचा नवरा दत्ताराम, तोही बेपत्ता.

“वारले,” ती म्हणाली. “आणि मला तीन पोरं आहेत.”

त्यानंतर बायका उठत गेल्या. सगळ्या नाही. पण इनेसने ते बोलणं त्याच दिवशी इतर गावांना ऐकवलं, आणि पुढच्या आठवड्यात टेकडीभर तेच झालं. प्रश्न परत यंत्रात गेला. या वेळी छाया कडकडून भांडल्या. जो निकाल आला तो निम्म्या-निम्म्याचा होता, आणि तो कुणालाच आवडला नाही. शाळेमागची माती मात्र पुन्हा सारखी केली गेली. पुढे नियमही झाला की छायेचं मत त्या माणसाने सभेत स्वतः उभं राहून सांगितल्याशिवाय धरायचं नाही. छाया त्यानंतरही बरीच वर्षं होत्या, पण आता त्या निर्णय घेत नव्हत्या, वादाला तोंड फोडून द्यायच्या.

सांतेलचा धक्का उशिरा झाला. तोवर बंदरची पुष्कळ पोरं परदेशी गेली, आणि तिकडचे लोक त्याबद्दल अजून टेकडीला बोल लावतात. सभेतलं बोलणं गावोगाव ऐकवल्याबद्दल इनेसची नोकरी गेली. तिने बंदरातल्या शाळेत गणित शिकवलं, आणि शेवटपर्यंत मला ताई म्हणत राहिली. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

अण्णा आणखी चार वर्षं जगले. वहिनीच्या हातचं जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. तीन माणसांच्या घरात ते मला सांगायचे, “तिला सांग मीठ कमी आहे.” आणि वहिनी समोरच बसलेली असायची.

तहानंतर सहाव्या वर्षी परक्या देशातल्या एका तुरुंगातून अकरा माणसं सुटून आली. सगळी टेंबवाडी धावत बंदरावर गेली. वहिनीही गेली. वासुदेव त्यांत नव्हता. कुसुमचा दत्ताराम होता. ती त्याच्यासमोर उभी राहू शकेना. त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, “मेलेल्याला भूक लागते काय गो? चल घरी.” त्यांचा संसार पुढे चांगला झाला. पण कुसुम सभेला पुन्हा कधी आली नाही.

मथुरावहिनी नंतर कोठाराच्या समितीवर निवडून आली. भांडखोर म्हणून तिचं नाव झालं. गेल्या वर्षी ती गेली, माझ्याच हातांत. मी आता मालवणला नवऱ्याच्या पुतण्याकडे असते. लवंगेचा वास इथे येत नाही.

वासुदेवचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.